पिकअप गाडीस हिवाळ्यात लागणारा गंज व त्याचे निवारण

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले असून भात हे येथील मुख्य पीक होय. भाताची कापणी आटोपल्यावर जेथे पाण्याची सोय आहे तेथे भेंडी, काकडी, कारली यांसारखी भाजीपाल्याची पिके घेण्यात येतात. हा माल कल्याणच्या किंवा नवी मुंबईतील तुर्भे येथील बाजारात वेळेवर पोचला तरच त्यास भाव मिळतो. या कामी पूर्वीच्या बैलगाडीची जागा आता लहान मालवाहू पिकअप गाडीने घेतली आहे. गावातील एखादा शेतकरी, शेतकरी गट किंवा बचत गट कर्ज काढून अशी गाडी घेतो आणि आसपासच्या दहा-वीस घरांचा माल तीवर अवलंबून असतो.

ही गाडी इंजिनाच्या दोषाने बंद पडली तर ते लगेच कळते आणि दुरुस्तही करता येते. गंजाचे तसे नाही. तो खालच्या बाजूने, न दिसणाऱ्या जागी, वर्षानुवर्षे पत्रा खात राहतो व कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच गाडीचा सांगाडा निकामी करू शकतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, ब्रेकच्या लोखंडी नळ्याही त्याच जागी असतात. माळशेज किंवा कसारा घाटाच्या उतारावर भरलेल्या गाडीची अशी नळी फुटली तर प्रश्न पैशाचा न राहता जिवाचा होतो. सबब गंज कशाने लागतो, कोठे लागतो व त्यास आळा कसा घालावा, याची माहिती प्रत्येक गाडीमालकास असणे अगत्याचे आहे.

१. गंज म्हणजे काय?

गव्हावर पडणारा तांबेरा व लोखंडावर चढणारा गंज यांचा रंग सारखा असला तरी त्यांची कारणे भिन्न आहेत. तांबेरा हा बुरशीमुळे होणारा रोग आहे, तर गंज ही रासायनिक क्रिया आहे. लोखंड, हवेतील प्राणवायू व पाणी ही तिन्ही एकत्र आली की लोखंड हळूहळू आपल्या मूळ मातीसारख्या अवस्थेस परत जाऊ लागते. यांपैकी एकाचा जरी अभाव असला तरी क्रिया थांबते. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे, याचे एक कारण त्याच्या लोखंडातील स्फुरदाच्या अंशामुळे पृष्ठभागावर बनलेला संरक्षक थर हे आहे व तेथील बहुतांशी कोरडी हवा हे दुसरे आहे. गाडीचा पत्रा त्या लोखंडासारखा नसतो आणि कोकणची हवा दिल्लीसारखी नसते.

ओल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. एका जागी लोखंड विरघळते, शेजारच्या जागी प्राणवायू खर्ची पडतो व या दोहोंमधून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. शुद्ध पाण्यातून हा प्रवाह कष्टाने वाहतो. पाण्यात मीठ अथवा अन्य क्षार मिसळला की तो सुलभतेने वाहू लागतो व गंज झपाट्याने वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली फोड येतात, रंग सुटतो व नवीन लोखंड उघडे पडते. शेंगदाण्याएवढा फोड वरून दिसतो तेव्हा त्याखालील गंज बहुधा त्याहून पुष्कळ पसरलेला असतो.

२. खार येतो कोठून?

थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचते. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, परंतु मीठ मिसळल्यास ते उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकते. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत १९४० च्या दशकापासून रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर मीठ टाकले जाऊ लागले. तेथील गाड्या हिवाळाभर मिठाच्या पाण्यातून धावतात व खालून सडतात.

मुरबाड-शहापुरात बर्फ नाही आणि समुद्रही जवळ नाही. समुद्रावरील वाऱ्यातून येणारे मिठाचे कण बहुतांशी किनाऱ्याजवळच खाली बसतात. तरीही येथील गाड्या गंजतात, याचे कारण येथील गाडी मीठ स्वतःच वाहून आणते. त्याचे मुख्य मार्ग चार आहेत.

पहिला मार्ग रासायनिक खतांचा. पोती फाटतात, दाणे सांडतात व ते हौद्याच्या सांध्यांत शिरतात. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड असल्याने लोखंडाच्या दृष्टीने ते मिठाचेच भावंड होय. अमोनियम सल्फेटचे द्रावण आम्लधर्मी असते. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मुक्त आम्ल असते. युरिया एकटा असता तितकासा उग्र नाही, तथापि तो ओलावा ओढून घेतो व इतर क्षारांना भिजत ठेवतो.

दुसरा मार्ग आगोटीच्या मालाचा. पावसाळ्यापूर्वी सुके बोंबील, सुकट व जाडे मीठ यांची वाहतूक होते. ओली मासळी बर्फातून आणल्यास तिचे खारट पाणी थेट हौद्यात झिरपते.

तिसरा मार्ग जनावरांचा. पौष पौर्णिमेस भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेच्या सुमारास व एरवीही बैल, म्हशी, शेळ्या यांची ने-आण होते. शेण-मूत्रातील क्षार व अमोनिया लोखंडास तर अपायकारक आहेतच, परंतु जस्ताचा लेप दिलेला पत्राही त्यांनी झिजतो. कोंबडीखताचीही हीच गत आहे.

चौथा मार्ग खाडीचा. कल्याण उल्हास खाडीच्या व तुर्भे ठाणे खाडीच्या परिसरात आहे. खाडीलगतच्या सखल रस्त्यांवरील चिखलात क्षार असतो. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे लक्षात घेतले म्हणजे खाडीच्या पाण्याने गाडी धुणे किती घातक आहे हे कळून येईल.

३. पावसाळा मोठा, पण हिवाळा खोटा

गाडीमालकांचा सर्वसाधारण समज असा असतो की, गंज हा पावसाळ्याचा रोग असून दिवाळीनंतर गाडी सुरक्षित झाली. हा समज अपुरा आहे. पावसाळ्यात चार महिने पत्रा ओला राहतो हे खरे, परंतु मुसळधार पाऊस उघड्या भागावरील क्षार धुऊनही नेतो. हिवाळ्यात हे धुणे बंद होते आणि नेमक्या त्याच वेळी भाजीपाल्यासाठी खतांच्या खेपा सुरू होतात.

पाऊस नसला तरी ओलावा असतोच. मिठावर हवेतील ओलावा कसा काम करतो हे पावसाळ्यात पाझरणाऱ्या मिठाच्या बरणीवरून सर्वांना परिचित आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ आपोआप पाणी सुटून ओले होते. समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांवरच ओले होते. हिवाळ्यातील रात्री हवा थंड होऊन आर्द्रता वाढते, पहाटे दव पडते व गाडीचा पत्रा आसपासच्या हवेपेक्षाही गार होऊन त्यावर पाणी जमते. सांध्यांत बसलेला क्षार त्यात विरघळतो. दिवस वर आला की पाणी उडून जाते, परंतु क्षार तेथेच राहतो. दुसऱ्या रात्री तीच क्रिया पुन्हा घडते. अशा रीतीने एका खेपेत सांडलेले मूठभर खत संपूर्ण हिवाळाभर, रात्रीमागून रात्र, गंजाचे काम करीत राहते.

याशिवाय उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. थंड देशांतील गोठलेल्या हवेपेक्षा येथील उबदार दिवस गंजास अधिक पोषक आहेत. त्यामुळे तेथील गाड्यांपेक्षा येथे मीठ कमी असले तरी निश्चिंत राहणे योग्य नाही.

४. गंज प्रथम कोठे शोधावा?

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर व पुन्हा मे महिन्यात गाडीची बारकाईने तपासणी करावी. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, चाकांना दगड अथवा लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पुढील जागा क्रमाने पाहाव्यात.

(अ) हौद्याचे कोपरे, तळाच्या पत्र्याचे सांधे, फाळक्याच्या बिजागऱ्या व तळावर अंथरलेल्या रबरी चटईखालची जागा. चटईखाली पाणी अडकून राहते व ते वरून दिसत नाही.

(आ) चाकांच्या वरील कमानी व मडगार्डच्या आतील कडा. येथे चिखलाचा थर साचून ओल्या पोतेऱ्याप्रमाणे पाणी धरून ठेवतो.

(इ) सांगाड्याच्या लांब लोखंडी तुळया, विशेषतः त्यांचा पोकळ अंतर्भाग व आडव्या पट्ट्यांचे जोड. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे चिखलाने, तुसांनी अथवा पेंढ्याच्या काड्यांनी बुजलेली असतात.

(ई) दारांची खालची कड व पायरीखालची पोकळी.

(उ) स्प्रिंगच्या पाट्यांमधील फटी, त्यांचे बोल्ट व सायलेन्सरचे टांगे.

(ऊ) ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या, विशेषतः जेथे त्या पकडीने सांगाड्यास बांधलेल्या असतात त्या जागा.

(ए) सांगाड्यावर कोरलेला क्रमांक. मालवाहू गाडीस ८ वर्षे वय होईपर्यंत दर २ वर्षांनी व त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी हा क्रमांक वाचता आला पाहिजे. गंजाने तो पुसट झाल्यास मालकास नाहक त्रास होतो.

तपासताना लहान हातोडीने सांगाड्यावर हलके ठोके द्यावेत. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या लोखंडाचा बद्द येतो. संशयित जागी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत रुतल्यास किंवा पापुद्रे निघाल्यास ती जागा कारागिरास दाखवावी. ब्रेकच्या नळीवर मात्र ठोके देऊ नयेत. तिच्यावर खवले अथवा फोड आढळल्यास रंग लावून झाकण्याचा प्रयत्न न करता ती त्वरित बदलून घ्यावी.

५. धुण्याची योग्य पद्धत

गंज टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय गोडे पाणी हा होय. तथापि ते योग्य रीतीने वापरले पाहिजे. खताची खेप झाल्यावर हौद्यात लगेच पाणी ओतणे ही सर्रास होणारी चूक आहे. तसे केल्याने सांडलेले दाणे विरघळून त्यांचे तीव्र द्रावण सांध्यांत शिरते. म्हणून प्रथम कोरडा झाडू मारावा, कोपरे ब्रशने खरडून काढावेत व गोळा झालेले खत शेतात वापरावे. अशाने खतही वाया जात नाही व गाडीही वाचते. त्यानंतर पाणी वापरावे, व ते भरपूर वापरावे. अर्ध्या बादलीने पत्रा फक्त ओला होतो, क्षार निघून जात नाही.

धुण्याचा क्रम आतून बाहेर व वरून खाली असा ठेवावा. हौद्याचे कोपरे, चाकांच्या कमानी, सांगाड्याची आतील बाजू व पाणी निघण्याची छिद्रे यांवर विशेष भर द्यावा. बाहेरचा रंगीत पत्रा चकचकीत करण्यात पाणी व वेळ खर्च करून खालची बाजू तशीच सोडणे निरर्थक आहे. बुजलेली छिद्रे तारेने मोकळी करावीत. पंपाच्या जोराच्या फवाऱ्याने धुताना तो विजेच्या जोडण्यांवर मारू नये. वाळल्यावर सांध्याच्या कडेस पांढरट डाग उमटल्यास क्षार शिल्लक आहे असे समजून ती जागा पुन्हा धुवावी.

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा यांसारखे मोठे जलाशय असूनही अनेक पाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी संपूर्ण गाडी धुण्याचा आग्रह धरू नये. कोरडी झाडलोट नीट केल्यास वर सांगितलेल्या महत्त्वाच्या जागा चार-पाच बादल्यांतही धुता येतात. गाडी विहिरीजवळ, नदीत वा ओढ्यात उभी करून धुऊ नये, कारण खत व तेल मिसळलेले पाणी पिण्याच्या पाण्यात जाते. आंबा किंवा अन्य मोठ्या झाडांच्या बागेच्या कडेस, मुरुमाच्या उंचवट्यावर गाडी धुवावी.

धुतल्यानंतर फाळका उघडा ठेवून गाडी उन्हात वाळवावी. ओली गाडी बंद खोलीत ठेवणे हे उघड्यावर ठेवण्यापेक्षाही वाईट. वाऱ्याला मोकळा असा साधा मांडव सर्वांत उत्तम. गोठ्यात, खताच्या गोदामात किंवा ओल्या गवतावर गाडी उभी करू नये. रात्री झाकलेली ताडपत्री सकाळी काढून वाळवावी.

६. रंग व लेप

संरक्षणाचे दोन प्रकार आहेत. पहिला, लोखंड व ओलावा यांच्यामध्ये पडदा उभा करणे. रंग, ग्रीस, मेण ही त्याची उदाहरणे होत. दुसरा, लोखंडाच्या बदल्यात दुसऱ्या धातूस झिजू देणे. १८२४ साली हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याचे रक्षण करण्यासाठी जस्त व लोखंड यांचे तुकडे जोडण्याची कल्पना मांडली. लोखंडावर जस्ताचा लेप देण्याची रीतही याच तत्त्वावर चालते. लेपावर ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते व लोखंड काही काळ वाचते.

गंज आढळल्यास पुढीलप्रमाणे उपचार करावा. तारेच्या ब्रशाने व काचकागदाने सुटे गंज व रंगाचे पापुद्रे पूर्ण काढावेत. ती जागा गोड्या पाण्याने धुऊन क्षार घालवावा व पूर्ण वाळू द्यावी. खोल खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लयुक्त गंजनाशक, हातमोजे व चष्मा घालून, डब्यावरील सूचनेनुसार लावावे. नंतर त्याच दिवशी झिंक फॉस्फेट अथवा रेड ऑक्साईड प्रायमर लावावा व तो वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. हे काम सकाळचे दव उडून गेल्यावर सुरू करून दुपारी चारपूर्वी संपवावे. गंजावर सरळ रंग फासल्यास खालचा क्षार व ओलावा कोंडला जातो आणि तोच फोड काही महिन्यांत पुन्हा वर येतो.

सांगाड्याच्या पोकळ भागात व खालच्या बाजूस मेणयुक्त गंजरोधक लेप फवारून घ्यावा. लेप देण्यापूर्वी भाग स्वच्छ व पूर्ण कोरडा असावा, पाणी निघण्याची छिद्रे बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी. ब्रेकची चकती, ड्रम, टायर व तापणारा सायलेन्सर यांवर लेपाचा थेंबही पडता कामा नये. कित्येक ठिकाणी इंजिनातून काढलेले जळके तेल खालून फासतात. त्याने ओलावा काही दिवस अडतो हे खरे, परंतु ते रबरी भाग खराब करते, धूळ धरून ठेवते, गळून शेतात व पाण्यात जाते आणि त्यातील विषारी द्रव्ये हातांस अपायकारक असतात. यास्तव त्याचा वापर टाळावा.

७. वर्षाचे वेळापत्रक

मे : तपासणी, डागडुजी व गंजरोधक लेप मृगापूर्वी पूर्ण करावा.

जून ते सप्टेंबर : आठवड्यातून एकदा चाकांच्या कमानींतील चिखल काढावा, छिद्रे मोकळी ठेवावीत.

ऑक्टोबर : मुख्य तपासणी करावी, चटई काढून हौदा वाळवावा, रंगाची डागडुजी करावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : भाताचे भारे वाहिल्यावर तूस व पेंढा झाडावा. खत, शेणखत किंवा जनावरे यांच्या प्रत्येक खेपेनंतर त्याच दिवशी स्वच्छता करावी. इतर वेळी दर पंधरा दिवसांनी खालची बाजू धुवावी.

मार्च ते मे : मीठ व सुक्या मासळीच्या खेपेस हौद्यात अखंड ताडपत्री अंथरावी व परतल्यावर हौदा धुवावा.

८. गावात करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हा विषय अल्प खर्चात दाखविता येईल. जस्ताचा लेप नसलेले चार नवे लोखंडी खिळे साबणाने धुऊन पुसावेत. पहिला कोरड्या कापडात, दुसरा साध्या पाण्याने भिजविलेल्या कापडात, तिसरा मीठ किंवा पोटॅश खत विरघळविलेल्या पाण्याच्या कापडात गुंडाळावा. चौथ्यास ग्रीसचा पातळ हात देऊन तोही खाऱ्या कापडात गुंडाळावा. ओली कापडे रोज संध्याकाळी पुन्हा ओली करावीत. आठ दिवसांनी सभेत ती उघडून दाखवावीत. साध्या पाण्यातील व खाऱ्या पाण्यातील खिळ्यांचा फरक, तसेच ग्रीस लावलेल्या खिळ्याची स्थिती पाहून लोकांस जे पटेल ते दीर्घ व्याख्यानाने पटणार नाही. त्याच सभेत एखादी गाडी बाहेर उभी करून तिची छिद्रे, कमानी व ब्रेकच्या नळ्या प्रत्यक्ष दाखवाव्यात. गाडी गटाच्या मालकीची असल्यास स्वच्छतेची जबाबदारी कोणत्या खेपेस कोणाची, हे नावानिशी लिहून ठेवावे. सर्वांची म्हणून असलेली जबाबदारी बहुधा कोणाचीच राहत नाही.

सारांश, या भागातील गाडीचा शत्रू केवळ पाऊस नसून सांध्यांत राहिलेला खार व त्यावर रोज पडणारे दव हे आहेत. कोरडी झाडलोट, गोड्या पाण्याने धुणे, उन्हात वाळविणे, वर्षातून दोनदा तपासणी व वेळीच रंग, या पाच गोष्टींस मोठा खर्च लागत नाही, नियमितपणा मात्र लागतो. जो शेतकरी काम संपल्यावर विळे व नांगराचा फाळ पुसून तेलाचा हात फिरवून ठेवतो, त्याने तीच शिस्त गाडीस लावल्यास ती अनेक वर्षे सुरक्षितपणे त्याचा व शेजाऱ्यांचा माल बाजारात पोचवील.